हैबतरावाची न भरणारी टाकी

पैज लागली ती वासावरनं. कोण किती भजी खातोय, कुणाचा बोकड जड भरतोय, असल्या पैजा आमच्या वाडीत रोजच्या. पण नदीतली घाण कुणाची, यावर पैज लावणारी येडी दोनच. एक मी, कैलास, फाट्यावरचा पंक्चरवाला. दुसरा माझा शेजारी हैबतराव, नऊ खोल्यांचा मालक.

वाडीच्या खाली मुळा नदी वळण घेती. तितं पाणकणसाचं रान हाय, दलदल हाय, बगळे हायेत. सरकारनं त्याला कुंपण घातलं, लाकडी पूल टाकला, मासं धरायला दगडी ओटे बांधले, जेवायला छत्र्या उभ्या केल्या आन कमानीवर लिवलं, 'नदीकाठ पाणथळ उद्यान'. आमी म्हणतो पाणबाग. शनिवार-रविवार हिंजवडी, बाणेर, चांद्याकडनं गाड्या येत्यात. घडीच्या खुर्च्या, घडीच्या काठ्या, टोप्या, गॉगल आन गळाला लावायला बायकोकडनं मागून आणलेला कणकेचा गोळा. मासा घावला की तो घेऊन थेट लीलाबाईच्या टपरीवर.

लीलाबाई हैबतरावाच्या भिंतीला भिंत लावून राहती. नवऱ्याची कंबर गेलेली, तो ओसरीवर पडून असतो, घर टपरीवर चालतंय. लोकांनी धरलेला मासा ती साफ करती, तांदळाच्या पिठात घोळून तव्यावर टाकती आन संगं गरम भाकरी देती. दर रविवारी एखादा तुकडा मला. मी तिच्या हातगाडीच्या चाकांत हवा भरतो, त्याचा तो मान.

आता येणाऱ्या पब्लिकबद्दल मी काय बोलू? पाणकणसाच्या बोंडाला लहान पोरांचं हगीज अडकवून जात्यात. कोंबडीची हाडं बगळ्याला टाकत्यात, म्हणत्यात, "सो क्यूट." बाटली फोडत्यात आन मग अनवाणी चाललं पाहिजे, निसर्ग पायाला लागला पाहिजे, म्हणून एकमेकांस्नी सांगत्यात. एक बाई ओट्यावर बसून पोराचं ढुंगण धूत हुती, खालच्या ओट्यावर तिचाच नवरा त्याच पाण्यात काकडी धूत हुता. मी बघितलं. मला काकडी आवडती, तवापास्नं खाल्ली न्हाई.

पण ह्यो वास त्या पब्लिकचा नव्हता. तिसऱ्या ओट्यापाशी यायचा. मेलेल्या घुशीवर कुणी सडकी अंडी फोडावीत आन वरनं चंदनाची अगरबत्ती लावावी, असला. सकाळच्याला जास्त. माणसं खुर्च्या मांडायची, नाकाला रुमाल लावायची, खुर्च्या उचलायची. जाताना लीलाबाईच्या टपरीकडं बघून तोंड वाकडं करायची. कारण टपरी तिसऱ्या ओट्याच्या डोक्यावरच हाय.

हैबतरावाला तेवढंच पाहिजे हुतं. त्याचा 'निवांत फार्म स्टे' त्याच काठावर, टपरीच्या मागं. त्याचं म्हणणं, लीलाबाई माशाची आतडी नदीत टाकती, त्याचा वास. त्यानं पंचायतीत तक्रार केली. सरपंच वैशालीताईनं सांगितलं, सोमवारी मासिक सभा हाय, तितं ठरवू. आन सभेत हैबतरावाची माणसं जास्त. म्हंजे सोमवारी लीलाबाईची टपरी उठणार, हे नक्की.

शुक्रवारी संध्याकाळी हैबतराव माझ्या दुकानात आला. बुलेटचं मागलं चाक बसलेलं. मी ट्यूब काढून पाण्याच्या टबात बुडवत हुतो. पलीकडं लीलाबाई हातगाडी धरून उभी.

"कैल्या, तुझ्या लीलाबाईनं नदीची मोरी केली बघ," हैबतराव तिला ऐकू जाईल असं म्हणला.

"भावजी," लीलाबाई म्हणली, "आतडी मी केळीच्या बुडात पुरती. येऊन उकरून बघा."

"मग वास काय आभाळातनं पडतोय?"

"आन तुझ्या नऊ खोल्यांचं कुटं जातंय रं?" मी सहज इचारलं.

हैबतरावाची छाती ही अशी फुगली. "टाकीत! हजारदा सांगितलंय. आरं, कासार आंबोलीच्या बंगलेवाल्यांस्नी दर वर्षी मैल्याचा टँकर बोलवाय लागतोय. वास, कटकट, पाव्हण्यांच्या तोंडावर नामुष्की. माझी टाकी बांधल्यापास्नं एकदाबी उपसली न्हाई. भरतच न्हाई! तळ मातीचा ठिवला, सगळं मुरतंय. काम असावं तर असं."

माझ्या हातातली ट्यूब टबात तशीच राहिली. एका जागी बुडबुडे यायला लागले, बुळबुळ बुळबुळ. मी त्या बुडबुड्यांकडं बघितलं, मग हैबतरावाकडं बघितलं.

"हैबत, मी पंक्चरवाला माणूस हाय," मी म्हणलं. "रोज भरायचं आन कधी भरायचं न्हाई, अशी वस्तू माझ्याकडं आली तर मी तिला पाण्यात बुडवतो."

"म्हंजे?"

"म्हंजे तुझ्या टाकीला भोक हाय आन ते तिसऱ्या ओट्यापाशी हाय."

हैबतराव इतका हसला की बुलेट पडता पडता राहिली. "लाव पैज!"

"लावली. तुझ्या संडासात रंग ओतायचा. रविवारपर्यंत नदीला रंग आला तर तू हरला."

"न्हाई आला तर?"

"तर पुढच्या रविवारी तुझ्या नऊच्या नऊ खोल्यांचे संडास मी घासतो. पाव्हण्यांच्या समोर, गाणं म्हणत."

"आन मी हरलो तर?"

मी लीलाबाईकडं बघितलं. "तर भर गर्दीत लीलाबाईच्या टपरीवर बसायचं आन तिची सगळी खरकटी भांडी घासायची. तवा, कढई, सगळं. आन तक्रार मागं घ्यायची."

"दिला हात!" हैबतरावानं ग्रीसनं भरलेल्या माझ्या हातावर टाळी दिली आन तोंड वाकडं करत हात पँटला पुसला.

लीलाबाई कपाळावर हात मारून म्हणली, "माझं पोट चाललंय आन तुमास्नी पैजा सुचत्यात."

रंग माझ्याकडंच हुता. रंगपंचमीला मी दुकानात रंग आन फुगं ठिवतो. उरलेला पक्का गुलाबी पिशव्यांत पडून हुता. असला पक्का की मागच्या टायमाला माझ्या कानामागं लागलेला गणपतीपर्यंत राहिला. शनिवारी सकाळी खोल्या रिकाम्या व्हायच्या वक्ताला आमी गेलो. हैबतराव म्हणला, "मी माझ्या हातानं ओततो, मागनं म्हणशील फसवलं." आन खरंच, मालकानं बाही वर करून एकेका संडासात गुलाबी रंग ओतला, साखळ्या ओढल्या. प्रत्येक खोलीत दारावर पाटी, 'निसर्गाच्या कुशीत'. आतमधी एका संडासाच्या भांड्यात कुणीतरी अख्खी मॅगी टाकलेली. त्यावर गुलाबी रंग पडला तवा मी नाक दाबलं, पण पैजेचा आनंद मोठा हुता.

आता साक्षीदार पाहिजेत. नुसता मी बघितलं म्हणलो तर हैबतराव उद्या म्हणल, कैल्यानंच बादली ओतली. म्हणून मी पियूषला गाठलं. पियूष म्हंजे चांद्याच्या एका मोठ्या सोसायटीतला पोरगा, कंप्युटरवाला, मासं धरणाऱ्यांचा त्याचा ग्रुप हाय. दर आठवड्याला येतो, काठी त्याची माझ्या दुकानापेक्षा महाग असंल.

"पियूषशेठ," मी म्हणलं, "उद्या तिसऱ्या ओट्यावर या. गुलाबी मासा वर येतोय."

"दादा, सिरियसली? कोणती स्पीशीज?"

"गुलाबी शिवडा. लई दुर्मिळ. वरनं पाणी सुटलं, की सकाळच्याला तोंड काढतो. कुणाला सांगू नका हां."

त्यानं माझ्यासमोरच फोन काढला आन साऱ्या ग्रुपला सांगितलं. मी मनातल्या मनात लोळलो.

पण शनिवारी काय बी झालं न्हाई. दुपारी गेलो, पाणी नेहमीसारखं हिरवं-काळं. संध्याकाळी गेलो, तसंच. वास मात्र जागच्या जागी, जसा काय पगारी नोकर. मी पाणकणसात वाकून बघितलं, एक चप्पल, एक दारूची बाटली आन फुगून टम्म झालेला पाव. गुलाबी काय न्हाई.

घरी आलो तर दाराला संडास घासायचा नवा ब्रश बांधलेला. लाल रिबीन, फुलाची गाठ. शेजारनं हैबतरावाचा आवाज, "कैल्या, साबण मी देतो!"

आयला, लोकांच्या खोड्या काढायच्या मी आन माझ्याच दाराला ब्रश. हसत हसत ब्रश सोडून हातात घेतला आन भिंतीकडं वळलो. कारण भिंतीपलीकडं लीलाबाई तवे पोत्यात भरत हुती.

"काय करतेस गं लीलावहिनी?"

"काय करू? सोमवारी पंचायतीचा माणूस येऊन फेकणार, त्यापरीस मीच उचलते. तुमचं काय, तुमचा खेळ झाला."

मी हातातला ब्रश पाठीमागं लपवला.

रविवारी पाणबाग फुल्ल. पियूषच्या ग्रुपनं आणखी तीन ग्रुपांस्नी सांगितलेलं. तिसऱ्या ओट्यावर पाय ठेवायला जागा न्हाई. सगळ्यांच्या नाकाला रुमाल, डोळं पाण्यावर. कुणी ड्रोन आणलेला, बगळे पळाले. वर हैबतरावाच्या खोल्या पण फुल्ल, कुठल्या तरी कंपनीची सहल. रात्रभर नाचलेली, खाल्लेली, प्यायलेली माणसं आता उठली हुती. वरनं नळांचा आवाज, साखळ्यांचा आवाज, गरम पाणी संपल्याची भांडणं.

हैबतराव टपरीपाशी पांढऱ्या कपड्यात. "काय कैल्या, गाणं कुठलं म्हणणार?"

लीलाबाईनं एकच तवा बाहेर ठिवलेला. पियूषनं पहाटे दुसऱ्या ओट्यावर एक चिलापी मासा धरलेला, तो तिनं तळला. सवयीनं माझ्या हातावर तुकडा ठिवला. मी खाल्ला. कुरकुरीत. दुसरा घेणार, इतक्यात ओट्यावरनं आरोळी आली.

"पिंक! गाइज, पिंक!"

मी पळालो. तिसऱ्या ओट्याच्या अंगाला जुना दगडी बांध हाय, पाणकणसानं झाकलेला. त्या दगडांच्या फटीतनं गुलाबी दोरी निघाली हुती. पहिल्यांदा बारीक, मग जाड, मग भसाभस. काल दिवसभर खोल्या रिकाम्या, रंगाला ढकलायला पाणीच नव्हतं; आता वर जसजशा साखळ्या ओढल्या जात हुत्या, तसतशी उसळी. आन नुसता रंग न्हाई. रंगासंगं त्या रंगाचं सगळं सोबती. फेस, कागद आन गोळे. एक मॅगीचं भेंडोळं डौलात तरंगत आलं. मी ते ओळखलं. आमची शनिवारची भेट झाली हुती.

पब्लिकला काय कळतंय? टाळ्या पडल्या. एका पोरीनं दोन्ही हात गुलाबी पाण्यात घातले आन गालाला लावले. पियूषची काठी वाकली, त्यानं ओढली, तर गुलाबी तोंडाची चिलापी फडफडत वर आली. पोरगं खुळंच झालं. फोन काढला, मासा तोंडापाशी नेला आन फोटोसाठी त्याचा मुका घेतला. ओठावर!

मी तोंड उघडायच्या आधी माझंच पोट उघडलं. मघाचा तुकडा, त्याच्या आधीच्या सगळ्या रविवारचे तुकडे, कुरकुरीत, तांदळाच्या पिठातले, एकदम आठवले. मी बांधाला धरून भडाभडा ओकलो. मग तोंड पुसून वर हात केला आन ओरडलो, "पियूषशेठ, थुका! ह्यो रंग काल हैबतरावानं स्वतःच्या हातानं ओतलाय. नऊ संडासांत!"

मग जे सुरू झालं, ते मी सांगत न्हाई, तुमी जेवत असाल. पियूष ओठ चोळत हुता, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करत हुता, रडत पण हुता बहुतेक. गाल गुलाबी केलेली पोरगी आईला हाका मारत पळाली. पुलावर रांग लागली, सगळी रेलिंगवरनं खाली वाकलेली. नदीनं आमचं घेतलं, त्यांचं पण घेतलं.

आन तरीबी एक गडी मागं उभा राहून इचारतोय, "पण भैया, ये फिश पका के तो खा सकते हैं ना?"

हैबतराव पळत आला. "खोटं हाय! ह्या कैल्यानं बादली ओतलीय!"

"मी हितं ओकतोय, बादली कवा ओतू?"

वैशालीताई गर्दीतनं पुढं आल्या. त्या नाकाला पदर लावून थेट बांधापाशी उतरल्या. काठीनं पाणकणीस बाजूला सारलं. दगडांत चौकोनी तोंड दिसलं, जुनं, शेवाळलेलं, आन त्यातनं गुलाबी धार.

"हैबतराव, हे काय हाय?"

हैबतरावानं वाकून त्या तोंडात बघितलं. त्याला कळलं हुतं, त्याच्या तोंडावर दिसलं. पण बोलली लीलाबाई. ती वर, टपरीपाशी, उलथनं हातात धरून.

"भावजी, तुमच्या खोल्यांच्या जागी काय हुतं? तुमच्या आबांचं भाताचं खाचर. मी लावणीला यायची तितं. खाचराची माती चिखल करून करून दाबलेली, पाणी धरून ठेवणारी. त्यात पाणी मुरलं असतं तर भात पिकला असता का? जादा झालं की तोंडातनं खाली सोडायचं, नदीत. तुमी वरनं मुरूम टाकला, खोल्या बांधल्या. टाकीतलं मुरत न्हाई, त्याच दाबल्या मातीवरनं सरकत खाली येतंय. तोंड कुणी बुजवलं?"

हैबतराव खाली बसला. ज्यानं ल्हानपणी त्या तोंडाला गवताची पेंढी लावून पाणी अडवलं, त्यानंच त्या खाचरात बिनतळाची टाकी बांधली आन ती भरत न्हाई म्हणून साऱ्या मुळशीत मिशीला पीळ दिला. बांधणारा मिस्त्री बाहेरचा हुता, त्याला काय ठाऊक. पण ह्यो?

वैशालीताईंनी तितल्या तितं सांगितलं, "खोल्यांचे संडास आत्ता बंद. टाकी नवी बांधून दाखवल्याशिवाय उघडायचे न्हाईत. आन टपरीची तक्रार मी उद्या सभेत घेणार न्हाई, आज सगळ्यांनी बघितलंय." वर कंपनीची सहल खिडक्यांतनं बघत हुती. संडास बंद म्हणल्यावर त्यातले काही जण गाड्यांकडं इतक्या घाईनं निघाले, की चपला राहिल्या.

मी जिंकलो हुतो. मी लीलाबाईकडं नाचत गेलो. "वहिनी, टपरी राहिली!"

तिनं उलथनं माझ्यावर उगारलं. "कसली राहिली? आता माझ्याकडं मासा कोण खाणार? सगळ्या गावासमोर सांगितलंत, ह्या डोहातला मासा कशावर पोसलाय ते! दात काढताय वर!"

खरं सांगतो, ह्याचा मी इचारच केला नव्हता. रंग, ब्रश, पियूष, सगळ्याचा केला, ह्याचा न्हाई. मी नाचायचं थांबवलं.

लीलाबाईनं गर्दीकडं बघितलं. ओकून रिकामी झालेली माणसं सावलीला बसलेली, कुणी घरी जात नव्हतं, कारण पुढं काय हुतंय ते बघायचं हुतं. तिनं माशाचा तवा उचलला, नदीकडं न बघता लांब गवतात ठिवला. मग पोत्यातनं दोन मोठ्या कढया काढल्या, चूल पेटवली, हातपंपाच्या पाण्याचा ड्रम पुढं ओढला आन बेसनाचा डबा उघडला.

"पिठलं-भाकरी!" ती ओरडली. "हातपंपाचं पाणी! आन भांडी घासायला आज फार्म स्टेचं मालक हायेत!"

आधी कुणी हललं न्हाई. मग पियूष उठला, ओठ सालटून लाल झालेले. "काकू, लसूण जास्त टाका. लई जास्त." त्याच्या मागनं बाकीचे.

हैबतराव कुंपणाकडनं गुपचूप सटकत हुता. मी आडवा गेलो. "हैबत, हात दिलाय."

"कैल्या, लोकं फोटो काढत्यात रं. माझं गिऱ्हाईक हाय हे."

"तुझं गिऱ्हाईक तुझ्या टाकीत पोहलंय. चल."

वैशालीताईंनी नुसतं त्याच्याकडं बघितलं. तो आला. पांढऱ्या कपड्यात, टपरीसमोरच्या दगडावर उकिडवा बसला. लीलाबाईनं राखेचं पातेलं आन काथ्या पुढं ठिवला. पहिली थाळी आली. पिठलं वाळलेलं, कडेला चावलेली मिरची. त्यानं दोन बोटांनी उचलली.

"पंजा लावा, भावजी. थाळी हाय, विंचू न्हाई."

गर्दी हसली. त्यानं पंजा लावला. मग दुसरी, मग ढीग. कुणाचं उष्टं, कुणाचं नाक पुसलेला कागद थाळीला चिकटलेला, एकानं तर थाळीत चूळ भरलेली. हैबतरावाचं तोंड असं झालं, जसा काय आख्ख्या पाणबागेचा वास त्याच्याच नाकात शिरलाय. राख कोपरापर्यंत, घाम नाकावरनं, पांढरा शर्ट पिवळा. पियूषनं स्वतःची थाळी त्याच्या हातात दिली आन फोन काढला, पण फोटो न्हाई काढला, परत खिशात ठिवला. मी मात्र काढला. दोन.

शेवटी कढई आली. बुडाला करपलेलं, काळंकुट्ट. हैबतराव घासत राहिला. सगळी टपरीभवती उभी. त्यानं कढई उचलून लीलाबाईसमोर धरली.

लीलाबाईनं ती उन्हाकडं तिरकी केली, आत बोट फिरवलं आन बोट त्याला दाखवलं.

"बुडाला राहिलंय, भावजी."

हैबतरावानं कढई परत घेतली, राखेत हात घातला आन घासायला लागला.